माडीवरचं उत्तर

बाजारातल्या वाचनालयाची चिरेबंदी इमारत त्या सकाळी पाडायची होती. एकवीस वर्षं तिथं झाडलोट केलेली शालन कमरेला किल्ल्या खोचून दारात उभी होती, लेकीची पाठवणी करणाऱ्या आईसारखं तोंड करून.

मुकादम भागोजीने उंबऱ्यावर नारळ ठेवला आणि रीतीप्रमाणे जागेच्या राखणदाराला गाऱ्हाणं घातलं. "बा राखणदारा, आमी गरिबांनी तुझ्यापुढं नारळ ठेवलाय…"

"व्हय महाराजा!" चौघे गडी म्हणाले.

"ही इमारत आज सुखरूप पाडून घे…"

"नाय महाराजा!"

गड्यांनी एकमेकांकडे पाहिलं. आवाज माडीवरून आला होता, आणि माडीला तर कुलूप होतं.

भागोजीने पुन्हा म्हटलं. या वेळी वरच्या "नाय"मध्ये बायकापोरांचे आवाजही मिसळले. पहारी तिथंच टाकून गडी पळाले.

"शालन, भायेर ये गो!" भागोजी रस्त्यावरून ओरडला.

शालनला मात्र हसू आवरेना. आनंदात घाबरायचंच राहून गेलं. केरसुणी घेऊन ती जिन्याखाली गेली. "मग मी उद्या येव ना झाडायला?" तिने वर पाहत विचारलं.

"व्हय महाराजा!" माडीवर गजर झाला.

त्यात सगळ्यांत मोठा आवाज शालनचाच होता, आणि खाली जिन्याशी तिने तर ओठही हलवले नव्हते.