दुप्पट खोल

पाथरवटाने स्मारकाच्या दगडावरच्या अक्षरांत लांबीचा, म्हणजे पुट्टीचा, तिसरा थर भरला, तो सुकल्यावर पॉलिश पेपर फिरवला आणि मागे सरून पाहिलं. "शत्रूच्या गोळ्यांनी पडलेले आमचे एकेचाळीस" या वरच्या ओळीतले पहिले दोन शब्द आता नव्हते. "पडलेले आमचे एकेचाळीस" एवढंच उरलं होतं. वाचणाऱ्याला वाटावं, बिचारे जिन्यावरून घसरले.

शिष्टाचार खात्यातले साहेब मात्र खूश होते. साठ वर्षांपूर्वीचा शत्रू आता मित्रदेश होता. त्याचे सेनापती तासाभरात इथे फुलं वाहायला येणार होते, आणि पाहुण्याला दारातच शिवी वाचायला लावणं बरं दिसलं नसतं. काम झकास झालं, असं ते दोनदा म्हणाले.

"पाणी लागलं की दिसेल, साहेब. दगड भिजून काळा होतो. लांबी पाणी पीत नाही, ती पांढरीच राहते."

साहेबांनी हवामान खात्याला विचारून ठेवलं होतं. आज पाऊस नव्हता.

तीन थर का लागले ते पाथरवटाने सांगितलं नाही. हा दगड त्याच्या आजोबांनी कोरला होता. यादीतलं सतरावं नाव आजोबांच्या मुलाचं, म्हणजे पाथरवटाच्या बापाचं. बाप पडला तेव्हा हा आईच्या पोटात होता. म्हाताऱ्याने एकेचाळीस नावं सारख्याच खोलीची कोरली होती, स्वतःच्या मुलाचंसुद्धा. एका सुताचा फरक नाही. फक्त "शत्रूच्या" या शब्दाला त्याला हात आवरला नव्हता. तो दुप्पट खोल गेला होता. आपण नाही म्हटलं असतं तर साहेबांनी दुसरा कुणी आणला असता, आणि त्याने सरळ हातोडा घातला असता, अशी पाथरवटाने सकाळपासून स्वतःची समजूत घातली होती. ती त्याला पटत नव्हती.

तेवढ्यात आई आली, हातात बादली आणि फडकं घेऊन. दर सोमवारी ती दगड पुसून जायची. आज सोमवार नव्हता, पण पाहुणे येणार म्हटल्यावर ती पुसायला येणारच, हे त्याला कळायला हवं होतं. पहिल्या रांगेत तिची खुर्ची होती, पाठीवर "वीरपत्नी" अशी चिठ्ठी लावलेली.

आईने वरची ओळ पाहिली. मग मुलाच्या पांढऱ्या झालेल्या बोटांकडे पाहिलं. त्याने हात मागे घेतले. साहेब लगबगीने पुढे आले. तिला आजी म्हणाले, खुर्ची दाखवली, आणि आता जुनं उगाळण्यात अर्थ नाही, दोन्हीकडची मुलं शेवटी आईचीच लेकरं होती, असं समजावू लागले.

"मग ह्यांना मारलं कुणी?" तिने विचारलं.

"तेव्हाची परिस्थितीच तशी होती, आजी."

"परिस्थितीने गोळी घातली?"

साहेबांनी घड्याळात पाहिलं. आईनेही वाद वाढवला नाही. तिने फडकं भिजवलं आणि नेहमीसारखी पुसायला लागली. आधी सतरावं नाव, मग बाकीची चाळीस, आणि शेवटी टाचा उंचावून वरची ओळ. साहेबांना ते फारच आवडलं. त्यांनी फोटोवाल्याला खूण केली.

फोटोवाला दोन-तीन फोटो काढून थांबला आणि साहेबांकडे बघायला लागला. दगड ओला होऊन काळा पडला होता, आणि त्यावर ते दोन शब्द पांढरेफेक उमटले होते. "शत्रूच्या" तर सगळ्यात ठळक. साठ वर्षांत ते इतक्या लांबून कधी वाचता आले नव्हते.

फाटकापाशी बँड सुरू झाला.

"वाळायला किती वेळ लागेल?" साहेबांनी पाथरवटाला दबक्या आवाजात विचारलं. "आणि आजींना बाजूला घ्या आधी."

"ऊन आहे. पंधरा मिनिटं लागतील," पाथरवट म्हणाला. तो जागचा हलला नाही. खिशात कोरडा रुमाल होता, तोही त्याने काढला नाही.

आईने फडकं पुन्हा बादलीत बुडवलं.