ढिला प्लग

मंद्रूपच्या घरी अजिनाथ भरदुपारी टीव्हीपुढं जीव मुठीत धरून बसला होता. डिशच्या एका जुन्या बॉक्ससाठी त्यानं तीन आठवडे खपून आपल्या लॅपटॉपवर नवं सॉफ्टवेअर तयार केलं होतं, आणि आता ते बॉक्समध्ये चढत होतं. पडद्यावर आकडा मुंगीच्या पावलानं सरकत होता. एकाहत्तर टक्के. मधेच वीज तुटली तर बॉक्स कायमचा दगड, आणि टीव्ही-बॉक्स दोन्हींचा मिळून असलेला भिंतीतला एकच प्लग तर मुळातच ढिला.

एवढ्यात शेजारच्या गुरप्पाअण्णांच्या घरातून रडारड उठली. पाठोपाठ त्याची आई बजाबाई धापा टाकत आत आली.

"अण्णा गेलं रं! शेजारी मयत झालंय, आन् आपल्यात टीव्ही चालू? लाज कशी वाटंना तुला?"

रिमोट तिला कधीच जमला नव्हता. तिनं सरळ प्लगला हात घातला.

"आये, थांब! वडू नको!"

"का? कुणाच्या बॉक्सचं एवढं कवतिक लागून गेलंय?"

अजिनाथची नजर पडद्यावरच होती. शहाऐंशी.

"अण्णांचाच हाय, आये. त्यास्नी कानडीच तेवढं वाचाय येतंय. म्हणून समद्या चॅनेलची नावं मी कानडीत केल्यात. सकाळधरनं तीनदा निरोप आला, झालं का म्हणून."

बजाबाईनं हात काढला नाही. ओढायचा सोडून तिनं तो ढिला प्लग भिंतीत घट्ट दाबून धरला.