झाकणाची शेगडी

यवतच्या ढाब्यावर पुण्याच्या एजंटानं झाकणाची बिडाची शेगडी मांडली. कोळसा निम्मा लागतो, धूर तोंडावर येत नाही, हे त्यानं कोंबडी भाजून दाखवलं. किंमत ऐकून ढाब्याचा मालक म्हाळू बाजेवरनंच फिस्कन हसला. “ह्या पैशात म्हैस येईल. आन् धुरानं बायकोला काय झालंय?” चुलीपुढं बसून विठाबाईचे डोळे कायम लाल असायचे. एजंट शेगडी उचलून एसटीला गेला, तसा तिनं चिमटा नवऱ्याच्या हातात दिला आणि बाकावर बसली. “मग आजच्या कोंबड्या तुम्ही भाजा.” गिऱ्हाइकं बघत होती, म्हणून म्हाळू चुलीपुढं वाकला. दुसरी कोंबडी उलटायच्या आत तो नाकाडोळ्यांतलं पाणी पुसत एजंटाला गाठायला पळाला. शेगडी डोक्यावर घेऊन परतला आणि ऐटीत म्हणाला, “माल ओळखाय नजर लागती.” विठाबाईनं त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. “आता कोळसं नजरेनंच पेटवा,” ती म्हणाली.