उसनी बैठक

म्हाताऱ्या चित्रकाराच्या चित्रांतल्या माणसांच्या बसण्या-उठण्याच्या ढबी आजवर इतक्या जणांनी उचलल्या होत्या, की कुंपणावर ऐसपैस पसरलेल्या मांजराकडेही तो संशयाने पाहायचा. विचारायला मात्र कुणी कधी फिरकलं नव्हतं. आज पहिल्यांदाच एक तरुण चित्रकार दारात उभा होता, प्रदर्शनात चित्राखाली लावायची पाटी घेऊन. पाटीवर लिहिलं होतं: ‘चेहरा माझ्या वडिलांचा. बसण्याची ढब गुरुजींच्या चित्रात आरामखुर्चीत बसलेल्या जमीनदाराची, त्यांच्या परवानगीने.’

“परवानगी दिली कुणी?” म्हातारा गुरकावला.

“तीच मागायला आलोय, गुरुजी. नाही म्हणालात, तर चित्र लावणार नाही.”

“अरे लेका, बापाला माझ्या जमीनदाराच्या थाटात कशाला बसवतोस? सरळ समोर बसव आणि काढ.”

“वडील गेले मागच्या वर्षी.”

“मग आठवून काढ! पोटच्या पोराला बाप बसलेला आठवत नाही?”

“नाही आठवत.” तरुण पाटीची कड नखाने खरवडत राहिला. “केस कापायचं दुकान होतं आमचं. खुर्ची एकच, आणि तिच्यात कायम गिऱ्हाईक. घरी यायचे ते थेट आडवे व्हायला. उभे आठवतात, झोपलेले आठवतात. बसलेले एकदाही नाही.”

म्हाताऱ्याने पाटी हातात घेऊन पुन्हा एकदा सावकाश वाचली.

“जा, ने माझी ढब,” तो म्हणाला. “आणि परत द्यायची घाई करू नकोस. बसू दे त्यांना निवांत.”