चाक थांबेपर्यंत

"हे तिन्ही फ्यूज मुठीत धर," मिस्त्री म्हणाला. "आणि बल्बकडे बघ."

त्याच्या धाकट्या भावाची बायको लाकडाच्या वखारीत पहिल्यांदाच आली होती. नवऱ्याला जाऊन महिना झाला होता. याच मोटरच्या तारा बदलताना त्याला शॉक लागला. तेव्हापासून जो तो म्हणत होता, थोरल्याने लाइन चालूच ठेवली असणार. तिने कुणाला उत्तर दिलं नव्हतं. आज मात्र तिने दारातूनच विचारलं, "दादा, फ्यूज काढले होते ना तुम्ही?"

तोंडाने सांगून कोण विश्वास ठेवतो, असं त्याला वाटलं. त्याने मोटरच्या तारांना बल्ब जोडला, मोटर चालू केली, करवतीचं जड चाक वेगात येऊ दिलं. मग स्विच बंद करून फ्यूज उपटले आणि तिच्या हातात दिले.

तिने मुठीकडे पाहिलं, मग बल्बकडे. बल्ब जळत होता.

"वीज तर माझ्या हातात आहे," ती म्हणाली.

"लोखंडात थोडं चुंबकत्व शिल्लक राहतं. चाक फिरतंय तोवर मोटर स्वतःच वीज करते. शेजारचा कपॅसिटर तिला जोर देतो." तो खाली पाहून बोलत होता. "ज्याने फ्यूज काढले त्याने ते खिशात ठेवायचे, म्हणजे दुसरं कुणी बसवणार नाही, ही आमची रीत. त्या दिवशी ते माझ्या खिशातच होते. 'काढले रे!' म्हणून मी ओरडलो, आणि चाक थांबायच्या आत त्याने मोटरचं झाकण उघडलं."

"म्हणजे काढले होते." तिने पदराने डोळे पुसले. रडता रडता किंचित हसलीही. "उतावळेच हो ते. रोज चहाने जीभ भाजून घ्यायचे. लोकांना काय, उचलली जीभ लावली टाळ्याला. तुम्ही त्यांना अंगाखांद्यावर खेळवलंत, तुम्ही असं कसं कराल?"

महिन्यात पहिल्यांदाच मिस्त्रीने भिंतीला पाठ टेकली.

चाकाचा वेग उतरत होता. बल्ब पिवळा पडला, मग तांबूस.

"एवढ्याशा उजेडाने माणूस जातो?" म्हणत तिने उघड्या तारेकडे बोट नेलं.

"थांब!"

वखारभर आवाज घुमला. बाहेर फळ्या रचणारे दोघे दारात येऊन उभे राहिले. तिचं बोट हवेतच राहिलं. बल्ब विझला. चाकाने आणखी काही फेऱ्या घेतल्या आणि तेही थांबलं.

तिने त्या थांबलेल्या चाकाकडे पाहिलं. मग जवळ आली, आणि तिन्ही फ्यूज तिने त्याच्या खिशात घातले.

"त्या दिवशीही एवढंच म्हणायला हवं होतं, दादा. 'थांब.'"