नेरिसचा तंबू

रोमन छावणीचा देखावा बघायला आलेल्या लोकांना नेरिस अभिमानाने सांगत होती, "त्यांचे तंबू बकऱ्याच्या कातड्याचे असायचे. हा मात्र कॅनव्हासचा! हिवाळाभर खपून मी तुकडे जोडले, रंग दिला. एकाही बकऱ्याचा जीव गेला नाही."

"हात लावून बघा, फरक कळणार नाही!" शिरस्त्राण सावरत तिचा नवरा गेथिन म्हणाला. पहाटे तंबू त्यानेच उभारला होता.

दुपारी पावसाची सर आली. नेरिस आत शिरली आणि थबकली. आत ओल्या बकऱ्याचा वास भरला होता.

"गेथिन, माझा तंबू कुठंय?"

"अगं, आपल्या रोमन पथकात सगळ्यांना तो नकली वाटत होता. तुला कुठल्या तोंडाने सांगणार?"

बाहेर कुणीतरी तिचाच आवाज काढून ओरडलं, "एकाही बकऱ्याचा जीव गेला नाही!" सगळं पथक खो खो हसलं.

तिनं गेथिनकडे पाहिलं. तो हसू दाबत होता.