स्वारी

"उठलात का?" म्हणत ताईंनी हॉस्पिटलच्या लॅबमधल्या जारचं झाकण उघडलं.

आत जंतू वाढवायच्या दोन प्लेटा होत्या. एकीवर काल-परवा ऑपरेशन झालेल्या पेशंटच्या जखमेतला पू लावलेला, दुसरीवर स्वारी. स्वारी म्हणजे ताईंनी एकोणीस वर्षं जपलेला जंतू. त्याला हवेचं वावडं. जार घट्ट असेल तरच तो वाढायचा, आणि तो वाढला की शेजारची पेशंटची प्लेट कोरी राहिली तरी तिच्यावर विश्वास ठेवता यायचा.

आज स्वारी झकास वाढली होती. वासही तसाच सुटला होता.

"शी! आणि जंतूला कसलं अहो-जाहो?" नव्या डॉक्टरीणबाई नाक दाबून हसल्या.

"सवय," ताई म्हणाल्या. "घरी कुणाला म्हणू? भिंतींना?"

डॉक्टरीणबाई जरा ओशाळल्या. मग कामाचं बोलल्या. "ताई, तुमचा आज शेवटचा दिवस. उद्यापासून आपण विकतचा जंतू वापरणार. हा जंतू ज्यात जपलाय ती ट्यूब आजच निकालात काढा."

ताईंनी ट्यूब मुठीत धरली.

"मी येत जाईन की दर सोमवारी. नव्या ट्यूबमध्ये घालीन आणि जाईन. कुणाला त्रास नाही."

"निवृत्त माणसाला आत घेता येत नाही हो. एवढा काय जीव अडकलाय त्याच्यात?"

ताई हातमोजे काढत राहिल्या. "पूर्वी आम्ही जारमध्ये असं काही ठेवत नव्हतो. एकदा पायाच्या ऑपरेशनचं सॅम्पल आलं. जार गळका होता, आम्हाला पत्ताच नाही. प्लेट कोरी निघाली. मी लिहून दिलं, काही वाढलं नाही. पेशंटचा ताप उतरेना म्हणून पुन्हा लावलं, तेव्हा ही स्वारी उगवली. तोवर पेशंट गेला होता."

"अरेरे! पण चूक जारची. तुमची नाही."

"सही माझी होती."

पण नियम तो नियम. ताई म्हणाल्या, "मग मीच करते. दुसऱ्या कुणी हात लावायला नको."

त्यांनी ट्यूब आणि स्वारीची प्लेट जंतू मारायच्या वाफेच्या यंत्रात ठेवली. झाकण आवळलं. बटण दाबलं. यंत्र फुसफुसायला लागलं, तसे त्यांचे डोळे भरून आले.

"सुटलात एकदाचे," त्या म्हणाल्या.

नोंद तर करायलाच हवी होती. डॉक्टरीणबाईंनी कपाटातून एकोणीस वर्षांपूर्वीचं रजिस्टर काढलं, धूळ झटकली आणि 'नष्ट केला' असं लिहायला पेन टेकवलं. बोट स्वारीच्या पहिल्या नोंदीवर फिरलं. नमुना: डावा पाय. तपासणारी: ताईंची सही. पुढचा रकाना, पेशंटचे नातेवाईक: पत्नी. आणि पुढे पुन्हा तीच सही.